अंगठ्याने तपासलेले शंख

डोळ्यांच्या दवाखान्यात सहा खुर्च्या आणि पाच माणसं होती. सहाव्या खुर्चीवर माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांची पेटी होती. तिच्यात वाळूत सापडणाऱ्या मून स्नेल या समुद्री गोगलगायींचे एकतीस शंख होते. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे आजोबांना जवळचं दिसत नव्हतं, म्हणून शंखांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या त्यांची मुलगी तपासत होती.

“बाबा, सगळ्यांवर एकच जात लिहिलीय.”

“सगळे तपकिरी आहेत ना? मग एकच. दे बघू एक.”

“इथून थेट संग्रहालयात हे द्यायला जायचंय. उगाच पसारा कशाला?”

“दे गं. हं, खालचा खळगा लागतोय अंगठ्याला. आता दुसरा.”

“घ्या.”

“याचा खळगा कुठंय?”

“बुजलाय. वाळू अडकली असेल.”

“वाळू कसली? शंखच आहे तो. ही जात वेगळी.”

“पण रंग अगदी सारखा आहे!”

“रंगावरच गेलो ना मी इतकी वर्षं.”

“राहू द्या. कोण बघायला जातंय?”

“तिथे येणारी मुलं याच चिठ्ठ्यांवरून शिकणार. खाली नाव माझं. एकेक करून सगळे दे.”

“डॉक्टर थांबणार आहेत का तुमच्या गोगलगायींसाठी?”

“थांबतील. पुढचा दे.”

आजोबांना आत बोलावलं तेव्हा मोजणी पूर्ण झाली होती: खळगा उघडा असलेले बावीस, बुजलेला असलेले नऊ.