मागची भिंत

आरं, अलिबागच्या त्या म्हाताऱ्याचं मला अजून नवल वाटतंय. म्या पुण्याजवळच्या मांजरी गावचा एसीवाला. कर्वेनगरातल्या एका कॉम्प्युटरवाल्या पोरानं मला अलिबागला त्याच्या बापाकडं धाडलं. बगतो तर एसीचा बाहेरचा डबा खाऱ्या वाऱ्यानं पार सडलेला. आन् असा सडलेला हा दुसरा डबा!

म्या भडकलोच. "काका, नवा डबा मागच्या भिंतीला लावू. तिकडं समुद्राचं वारं लागत न्हाई."

"तिकडे नको."

"का पर?"

"समोरच माझ्या भावाची खिडकी आहे."

"बोलणं हाय का त्याच्याशी?"

"छे! कोर्टात तोंड बघतो, तेवढंच."

"मग भिताय कशाला? तिकडंच ठोकतो."

म्हातारा माझ्यावरच खेकसला, "अरे, ह्याची गरम हवा सगळी त्याच्या खोलीत जाईल! दमा आहे त्याला!"