समोरच्या भिंतीवरची शिंगं

बायकोच्या फोटोला चौकट करून घ्यायला गेलो होतो. माझ्या आधी एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी आली होती. फळीवर बसवलेली रानरेड्याची शिंगं त्यांनी कारागिरापुढे ठेवली.

"अहो, यांना चिरा गेल्यात. उन्हात टांगली होती का?"

"छे! जेवणाच्या टेबलासमोरच असतात. माझ्या वडिलांनी मारलेला रेडा आहे हा. आजवर काही झालं नाही, अन् या वर्षातच बघा."

"तेल कोण लावायचं?"

"चेष्टा करताय का? मेलेल्या रेड्याला कोण मालिश करणार?"

"आई करायची, बाबा."

"कधी? मी तर कधी पाहिलं नाही."

"तुम्ही कामावर गेलात की. स्टुलावर चढून, फडक्याने. गुडघे दुखायला लागले तरी सोडलं नाही."

"तिला तर ही मुळीच आवडायची नाहीत गं. लग्न झाल्या झाल्या म्हणाली होती, जेवताना तो रेडाच माझ्याकडे बघतोय असं वाटतं, दुसरीकडे लावा."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"हसलो. म्हटलं, तू त्याच्याकडे बघू नकोस म्हणजे झालं."

"काका, चिरा मी बुजवून देतो. पण तेलाचं बघा. पुन्हा तडकतील."

"आता मी लावीन. कोणतं तेल लावायची गं ती?"

"मीही कधी विचारलं नाही, बाबा."