गंज कोण पुरते?

एकोणीसशे ब्याऐंशी साल. परदेशी जाणाऱ्यांना लस टोचायचा वार होता. नागपूरच्या त्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर नरखेडकडचे वामनराव आणि त्यांच्या मंडळी वच्छलाबाई बसल्या होत्या.

"मले नाही टोचून घ्यायची सुई. तुम्ही जा एकटेच."

"असं काहून करतं वं? जावयानं एवढं तिकीट पाठवलं. अटलांटिक समुद्रातलं बेट आहे, ज्वालामुखीवरचं. आठ दिवस नुसतं खायचं न् वाइन प्यायची."

"वाइन म्हणजे काय?"

"द्राक्षासव समज."

"ते तर घरी फळीवर आहे. दोन चमचे घ्या न् झोपा."

"अवं, तिथं जमीनच गरम आहे. भाजीचा भरला गंज, झाकण लावलेला, खड्ड्यात पुरतेत. सहा घंट्यानं काढला का शिजलेला."

"चूल नाही?"

"नाही."

"फुंकणी?"

"कायची फुंकणी? धूरच नाही."

"गंज पुरते कोण?"

"माणसं."

"माणसं म्हणजे बायामाणसं?"

"नाही वं, गडीमाणसं. तेच पुरतेत, तेच काढतेत, तेच वाढतेत."

"अन् बाया काय करतेत?"

"बसतेत. वाइन पितेत."

 वच्छलाबाईंनी पदर सारून चोळीची बाही वर सरकवली.

"अवो, परतीचं तिकीट कधीचं आहे?"

"सोळा तारखेचं. दोघांचंही."

"तुमचं तसंच राहू द्या."