बत्तिसावी शाल

सन्माननीय अध्यक्ष आदिनाथदादा, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती प्राचार्य बिभीषण नवले सर आणि बेलापूरकर बंधुभगिनींनो, मी अख्तरी शेख. या कॉलेजचा संगणक विभाग सांभाळते.

सरांच्या कार्याविषयी सगळेच बोलले. मी फक्त एका कपाटाविषयी बोलणार आहे.

कॉलेजचं इंटरनेट चालवणारी यंत्रं जाळीच्या एका कपाटात असतात. ते खरं तर प्रयोगशाळेत राहायचं. पण आतले हिरवे दिवे पाहुण्यांना दिसायला हवेत, म्हणून ते सरांच्या केबिनमध्ये गेलं. वरच्या पंख्याच्या आवाजानं सरांच्या चिंतनात व्यत्यय येई, म्हणून पंखा बंद झाला. धूळ नको म्हणून मागच्या जाळीवर पुठ्ठे आले. किल्लीही सरांकडेच. यंत्रांना वारा लागतो, असं मी तीनदा लेखी कळवलं. सर म्हणाले, "मॅडम, लोखंडाला कसला उकाडा?"

मग रोज दुपारी नेट गायब. बारावीचे अर्ज शेवटच्या दिवशी अडकले आणि मेमो मिळाला मला. कामात हलगर्जी, म्हणे. त्या कागदामुळे मला कायम करण्याचा प्रस्ताव दोन वर्षं पडून आहे. मला वाईट वाटलं आणि रागही आला. तो अजून गेलेला नाही.

गेल्या सोमवारी, निवृत्ती जवळ आली म्हणून, सरांनी किल्ल्या जमा केल्या. आमच्या शिपाई केशरबाईंनी कपाट उघडलं आणि मला हाक मारली. "म्याडम, ह्ये तर तव्यावानी तापलंय. आन् मागं काय कोंबलंय बगा."

काय निघालं असेल? शाली. मोजून एकतीस. कॉलेजात धड कुलूप तेवढं एकच, म्हणून सरांनी प्रत्येक सत्काराची शाल तिथं जपून ठेवली होती. केशरबाईंनी शाली काढल्या, पुठ्ठे फाडले, मी पंखा लावला. तेव्हापासून नेट एकदाही गेलेलं नाही.

सर, थोड्याच वेळात अध्यक्ष आपल्याला बत्तिसावी शाल पांघरवतील. ही मात्र कृपया घरी न्यावी. आणखी एक विनंती. आपण उद्या संध्याकाळपर्यंत प्राचार्य आहात. मेमो मागे घेतल्याचं पत्र मी टाइप करून आणलंय. ते सत्काराच्या तबकात, नारळाशेजारी आहे. पेनही तिथंच आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. केशरबाईंचे आभार वेगळे. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं माफ करा. माझं भाषण संपलं. पण सर, सही होईपर्यंत मी इथंच उभी आहे.