बहात्तर म्हणजे बहात्तर

अच्युतराव : …ते काही नाही, विनता. तू डॉक्टर असशील, पण मी तुझा मामा आहे. तुझी मामी उद्या कुठेही जाणार नाही.

वसुधा : ऐकलंस? पंधरा दिवसांपासून हेच ऐकून राहिली मी. अगं, दर संक्रांतीला शेजारची बेबीताई अन् आम्ही सगळ्या आपल्या गोरखपूर मोहल्ल्यातून पायी तिलवाऱ्याच्या घाटावर जातो. नर्मदेत डुबकी, तिळगूळ, अन् ऑटोनं परत. यंदा यांनी माझी नाडी धरली अन् बस, बंदी!

विनता : मामा, नाडी पाहता केव्हा तुम्ही?

अच्युतराव : गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आली की लगेच. काल एकशे बारा होती, एकशे बारा! माणसाची असते बहात्तर. शाळेत शिकलोय मी.

विनता : अच्छा, तर बहात्तर म्हणजे बहात्तरच? मामा, तो नुसता अंदाज असतो. शांत बसलेल्या मोठ्या माणसाची साठ ते शंभर, कुठेही चालते.

अच्युतराव : साठ ते शंभर? इतकी ढील? आमच्या फॅक्टरीत इतकी ढील दिली असती, तर एक बोल्ट नटात बसला नसता. सारी नोकरी बोल्टाला मापाचा गेज लावण्यात गेली माझी. बसला तर पास, नाही तर रिजेक्ट.

वसुधा : अन् आता बायकोला रिजेक्ट करून राहिले.

विनता : बोल्ट जिना चढत नाही ना, मामा! माणूस चढला की पायांना जास्त रक्त लागतं, मग हृदय जोरात पळतं. जिना चढूनही नाडी हललीच नसती, तर मलाच काळजी वाटली असती. पाहायचं ते हे, की बसल्यावर खाली येते की नाही. मामी, किती वेळात धाप थांबते?

वसुधा : चहाचं आधण ठेवेपर्यंत. छातीत दुखत नाही, चक्कर नाही, काही नाही. सांगून सांगून थकली मी.

विनता : चालताना बोलता येतं?

वसुधा : बेबीताईसोबत? अगं, तिलवाऱ्यापर्यंत आमचं तोंड बंद राहिलं तर शपथ!

विनता : मग झालं तर. बोलता येईल इतक्याच वेगानं चालायचं. दुखलं-खुपलं, घेरी आली, तर तिथेच बसायचं अन् मला फोन करायचा. मागच्या महिन्यात मीच सगळं तपासलंय तुमचं. चलो, जा खुशाल.

अच्युतराव : थांब! झोपेतलं काय? पहाटे ही गाढ झोपली असते तेव्हा पाहतो मी. तेव्हाही शंभराच्या घरात. बोल आता!

विनता : झोपेत? काहीतरीच. मामी, हात द्या इकडे.

(विनता घड्याळाकडे पाहत वसुधाची नाडी मोजते.)

विनता : अडुसष्ट.

अच्युतराव : शक्य नाही. आण, मी पाहतो. …हे बघ, कशी पळून राहिली!

विनता : मामा, तुम्ही अंगठ्यानं पाहता?

अच्युतराव : मग काय नाकानं पाहू?

विनता : अंगठ्याला स्वतःची नाडी असते. दोन बोटं ठेवायची असतात. अंगठा ठेवला की कधी कधी आपलीच मोजली जाते.

वसुधा : म्हणजे पहाटेची ती धडधड… यांची?

विनता : द्या हात, मामा. …हं. शहाण्णव. बसल्या बसल्या. झोप लागते का तुम्हाला?

वसुधा : कुठची! भित्यापाठी ब्रह्मराक्षस. रात्रभर कूस बदलत असतात.

अच्युतराव : तुला थट्टा सुचते. दिवाकर झोपेतच गेला ना. माझा सख्खा भाऊ. सकाळी चहा घेऊन उठवायला मीच गेलो होतो.

वसुधा : अहो…

अच्युतराव : तेव्हापासून पहाटे जाग येते. वाटतं, हीसुद्धा… म्हणून मनगट धरून बसतो. तू गेलीस तर मला नाही राहता येणार, वसुधा. आता सांगून टाकलं.

विनता : भीतीनंही नाडी वाढते, मामा. त्यात वावगं काही नाही. पण सोमवारी क्लिनिकवर या, तुम्हालाही एकदा नीट तपासते.

अच्युतराव : येतो. …अन् उद्या?

वसुधा : उद्या मी चालत जाईन. तुम्ही ऑटोनं या अन् घाटावर माझी वाट पाहा. अन् पहाटे जाग आली, तर नाडीबिडी पाहू नका. सरळ हाक मारा मला.

अच्युतराव : झोपमोड केली म्हणून चिडशील.

वसुधा : चिडेन. पण ओ देईन.