चपला रांगेत, आत्या अनवाणी

हॅलो?… हॅलो, बानाआत्या? मी रत्नमाला… अगं रत्ना, संभाजीनगरहून! तुझ्या भावाची पोरगी… हां, आता कसं ओळखलंस!… ओरडू नको, ऐकू येतंय मला.

हा आवाज? शेजारी बोअर पाडतायत… हो, अजून. पाणी कुठलं, नुसती धूळ… मोठी इमारत आहे गं. वर गच्चीत पोहायचा हौद बांधलाय. त्यात कबुतरं बसतात.

ते राहू दे. काल गुरुवार होता… उपास नाही विचारत! गुरुवारी तुमच्या शाळेत आमचा साखरेचा दवाखाना असतो ना? डॉक्टर आणि सिस्टर इथून गाडी करून गेले, तर खोलीत एकटे मुंजाबा… त्यांना कुठली शुगर! पंख्याखाली झोपायला आले होते. आणि तुझे पाय तपासायचे होते, तर तू गायब… टँकर? नेमका कालच?… आणि आज पण येणार?… नाही गं, रागावले नाही. पाणी आधी, कबूल.

काय म्हणालीस?… डॉक्टरांनीच टँकरपाशी यायचं? माणसं तिथं तशीही दिवसभर बसलेली असतात… अगं आत्या, हे झकास आहे! रांगेतच बोट टोचायचं, रांगेतच शुगर. आजच बोलते त्यांच्याशी… नाही, डॉक्टर मधेच हंडा नाही घुसवणार. पाणी घरून आणतील ते.

तू आत्ता रांगेतच ना?… घरी? मग तुझा नंबर?… चप्पल ठेवून आलीस. बरं… कुठली चप्पल?… आत्या, कुठली?… दवाखान्यानं दिलेली? ती मऊ तळाची?… हो, हो, हंडा ठेवला की लोक सरकवतात, पण दवाखान्याच्या चपलेला कुणी हात लावत नाही. मोठाच मान आहे! आणि दुसरी?… दुसरी द्वारकाबाईंच्या नंबरावर?… कडूबाईंच्या पण रांगेत? सगळ्यांच्याच? वा गं वा! आम्ही चपला वाटल्या पाय जपायला, आणि इथं चपला पाणी भरतायत!

हसू नको… मी हसतेय ते वेगळं.

थांब, थांब. म्हणजे रांगेपासून घरापर्यंत तू अनवाणी आलीस? या उन्हात, फुफाट्यातून?… पाय भाजले नाहीत?… काहीच नाही?… गरमसुद्धा नाही लागलं?

म्हणजे साखरेनं पाय बधिर झालेत तुझे.

आत्या, तळवा बघ. आत्ताच्या आत्ता… वाकता येत नाही तर द्वारकाबाईंना बघू दे, आहेत ना शेजारी?… काय म्हणतात?… फोड? केवढा?… लिंबाएवढा.

दुखत नाही, माहीत आहे मला. बाबाही हेच म्हणायचे. ‘रत्ने, मला काय झालंय?’ म्हणत गावभर हिंडले, आणि बूट काढला तेव्हा पाय काळा पडला होता.

ऐक ना. फोड फोडायचा नाही. हळद नको. बिब्बा तर मुळीच नको!… लई गुण येतो, व्हय? तो गुण पाहिलाय आपण दोघींनी.

आपले डॉक्टर आज सिल्लोडला बसलेत. रामेश्वरला म्हणावं, गाडी काढ आणि आईला घेऊन नीघ… संध्याकाळी नाही, आत्ता… टँकर आता येईल, हो. मग चार दिवस नाही येणार, तेही कबूल… विकत घे ना, पैसे मी देते… बरं, विकतच्या पाण्याचं बोलत नाही, बाई, चुकले! पण हंडा पुन्हा भरता येतो, आत्या. मला ‘रत्ने’ म्हणणारं तू एकच माणूस उरलीस आता.

…हो. हो ना.

मग असं कर. फोडाला स्वच्छ फडकं गुंडाळ. चालायचं नाही. रामेश्वर तुला गाडीवरच रांगेपाशी नेईल, दोन्ही चपला उचलायच्या, पायात घालायच्या आणि तसंच पुढं… नंबरावर काय ठेवायचं? ठेव एखादा दगड… दगड कुणाचाही असतो, खरंय… मग मला नाही माहीत, ते तुझं तू बघ! फोन चालू ठेव फक्त… गाडीचा आवाज येतोय… कशाला एवढ्या शिव्या घालतेस त्याला, हळू चालवतोय ते बरंय…

आत्या?… हॅलो?… हॅलो!… कोण?… द्वारकाबाई? आत्या कुठंय?… गेली? सिल्लोडच्या रस्त्याला लागले? आणि चपला?… दोन्ही घातल्या? बघितलंत ना तुम्ही?… बरं झालं. फार बरं झालं… तुमच्या पायात काय आहे?… जावयाचे बूट. चालतील, काढू नका.

पण हा फोन तुमच्याकडं कसा?… तुमच्याकडं नाही? मग?… रांगेत ठेवून गेली. तिच्या नंबरावर.

म्हणजे द्वारकाबाई, मी आत्ता रांगेत आहे?… कुणाच्या मागं?… कडूबाईंच्या चपलेच्या… नाही, नाही, फोन उचलू नका, ठेवा परत! आधी कडूबाईंना हाक मारा, म्हणावं चप्पल घाला, स्वतः उभ्या राहा… आला? हॉर्न ऐकला मी पण! सरकवा, मला पुढं सरकवा… अहो, पदर धरा जरा वर, तापेल ना फोन… कोण मधे घुसतंय? द्या त्याला इकडं, मी बोलते… नाही हो, बंद कशी करेन? आत्याचा हंडा भरला की मगच ठेवीन.