बाविसशेला बाराशेने अडवलं

नाही, पण मला सांगा, माणसाने जनाची नाही तर मनाची तरी ठेवावी की नाही? बुद्धिबळ स्पर्धेची शेवटची फेरी, जिंकलो की संघात माझी जागा पक्की, आणि पटापलीकडे कोण? विजेचे मीटर वाचत फिरणारा गृहस्थ! माझं रेटिंग बाविसशे, त्याचं बाराशे! बाविसशे आणि बाराशे, हो!

"नमस्कार सर, तुमच्याशी खेळायला मिळतंय, भाग्यच माझं!" म्हणत त्याने खेळ्या टिपायला खिशातून दोन पेनं काढली. दोन! अरे, पंधरा खेळ्यांत घरी जाणारेस तू, दुसरं पेन कशाला?

तुम्हाला सांगतो, चाळीस खेळ्या टिकला! चिवट मेला! शेवटी गमावला एकदाचा हत्ती. आता भल्या माणसाने काय करावं? हात पुढे करावा, "हरलो सर" म्हणावं, उठावं. हा उठेचना! गार झालेला चहा फुंकून पितोय! म्हटलं थांब, दाखवतो तुला. आम्हा मोठ्या खेळाडूंची एक रीत असते... हातात आलेला डाव लगेच संपवायचा नाही, समोरच्याला रखडवायचं, कंटाळून त्यानेच शरण यायला हवं. हत्ती डावीकडे, शह! त्याचा राजा सरकला. हत्ती उजवीकडे, शह! राजा पुन्हा जागेवर. परत डावीकडे, परत उजवीकडे... मी खुर्चीत रेललोय, पंख्याकडे बघत कागदावर काहीतरी खरडतोय, आणि हा? मीटरचे आकडे टिपावेत तशी एकेक खेळी टपोऱ्या अक्षरात उतरवतोय!

आणि एकदम पटाशेजारचं घड्याळ थांबवलं की हो त्याने! "पंचसाहेब, जरा बघता का? हीच स्थिती तिसऱ्यांदा आली. नियमाने बरोबरी ना?"

पंच कागद बघून नाकातून म्हणतात, "हंऽऽ... बरोबर आहे. अर्धा, अर्धा."

"अहो, बाविसशे आणि बाराशे!"

"नियमात रेटिंग विचारत नाहीत."

गेला संघ! अर्ध्या गुणाने! आणि माझ्या जागी गेला कोण? माझा सख्खा साडू! आता सासुरवाडीला जायची सोय राहिली का?

तणतणत निघालो, तर हा मीटरवाला जिन्यापर्यंत मागे! "सर, या कागदावर तुमचं नाव लिहून द्या ना, रेटिंगसकट. फ्रेम करून लावतो घरी."

अस्सा संताप आला म्हणून सांगू! कागद फाडून त्याच्या तोंडावर फेकणार होतो... पण काय आहे, वीस वर्षं खेळतोय मी, आजवर माझी सही कुणी मागितली नव्हती हो.

दिली. तारखेसकट.